'स्मृतिचित्रे': निकाल लागण्याआधीचा विश्वास



मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला फोनवर विचारलं, "ताई, तिसऱ्या वर्षीसुद्धा हाती काहीच लागलं नाही तर काय करायचं?" मी म्हटलं, "अगं, होतं शेवटी सगळं." आणि विषय बदलला.

फोन ठेवल्यावर मलाच बरं वाटेना. कारण हे मी कशाच्या आधारावर म्हटलं? मी स्वतः चौथ्या वर्षात आहे. ठाणे खाडीच्या गाळात राहणाऱ्या कृमींवर माझं काम चालतं. दुसऱ्या वर्षी एका लांबलेल्या सुट्टीत फ्रीझर बंद पडला आणि एका अख्ख्या पावसाळ्याचे गोठवलेले नमुने गेले. ती पोकळी माझ्या आलेखात आजही आहे. ती भरून निघेलच असं मला कोणी सांगितलेलं नाही. मग मी त्या मुलीला कुठल्या तोंडाने सांगितलं?

आमच्या कल्याणच्या घरी या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. आमचं घर ख्रिस्ती, आजीचं माहेर नगरकडचं. फ्रीझरची गोष्ट ऐकल्यावर ती म्हणाली होती, "प्रभू वाट काढील." तेव्हा मला राग आला होता. विज्ञान शिकलेल्या माणसाला हे वाक्य सहज पचत नाही, कारण ते कधी चुकूच शकत नाही. वाट निघाली तर प्रभूने काढली, नाही निघाली तर अजून वेळ आली नाही. जे विधान कुठल्याच परिस्थितीत खोटं ठरत नाही ते आपल्याला काही सांगतही नाही, हे आपण कोर्सवर्कमध्येच शिकतो.

आजीने वाद घातला नाही. कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढून दिलं. शाळेत त्यातला एखादा उतारा वाचला होता, तेवढीच ओळख. या वेळी कल्याण-ठाणे लोकलमध्ये, मिळेल तेव्हा बसून आणि बहुतेक वेळा उभ्याने, पूर्ण वाचलं. आजचा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे. या जागी साधारणपणे सॅम्पलिंग, सांख्यिकी आणि सिनॉप्सिस यांवर लिहिते, पण हे पुस्तक त्याच रांगेत बसतं असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगते.

आधी थोडी माहिती

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की बाजारातून आलेला जिन्नससुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. टिळक जन्माने कोकणातले, पण १८६९ ते १८७३ ही शाळेची वर्षं त्यांनी आपल्या कल्याणात काढली. मी रोज ज्या स्टेशनातून गाडी पकडते त्याच गावात 'रेव्हरंड टिळक' लहानपणी शाळेत जात होते, हे मला सत्तावीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. 'स्मृतिचित्रे' चार भागांत आली, पहिला भाग १९३४ मध्ये. फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला.

या तारखांमधल्या एका फटीकडे लक्ष द्या: १८९५ ते १९००. माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथे आहे.

धर्मांतराची गोष्ट नेहमी कशी सांगतात

टिळकांच्या चरित्रात हमखास येणारा एक प्रसंग आहे. १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांच्या गप्पा झाल्या. उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. आणि झालंही तसंच, जवळजवळ दोन वर्षांनी.

गोष्ट सुंदर आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण आपण संशोधनाचे विद्यार्थी आहोत, तर एक प्रश्न विचारू. त्या काळात किती प्रवाशांना किती लोकांनी नवा करार दिला असेल, आणि त्यातल्या किती जणांना असंच काही सांगितलं असेल? जे ख्रिस्ती झाले नाहीत त्यांच्या डब्यातल्या गप्पा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. आपल्यापर्यंत पोहोचलेला नमुना हा आधीच चाळून आलेला नमुना आहे. शेवट माहीत झाल्यावर मागे वळून पाहिलं की वाटेतला प्रत्येक दगड मैलाचा दगड वाटतो.

आपल्या क्षेत्रात याला नावं आहेत. नोबेल मिळवणारे जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या भाषणात प्रश्न विचारला होता: वैज्ञानिक शोधनिबंध ही फसवणूक आहे का? आकडे खोटे असतात असा त्यांचा आरोप नव्हता. निबंध ज्या क्रमाने लिहिला जातो त्या क्रमाने कोणी विचार करत नाही, आणि निबंध तो खरा क्रम लपवतो, हा आरोप होता. पुढे १९९८ मध्ये नॉर्बर्ट कर यांनी 'हार्किंग' हा शब्द आणला. निकाल हाती आल्यावर गृहीतक लिहायचं आणि ते पहिल्यापासून तसंच होतं असं दाखवायचं, म्हणजे हार्किंग.

साक्षीच्या सभांमध्ये मी लहानपणापासून हार्किंग ऐकत आले आहे. माफ करा, पण आहे ते आहे. "मी अंधारात होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं ठीक आहे." मधली वर्षं एका वाक्यात उरकतात. ज्याची अजून मधलीच वर्षं चालू आहेत त्याने मागच्या बाकावर बसून काय करायचं?

लक्ष्मीबाई कशा सांगतात

लक्ष्मीबाई हे करत नाहीत. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्या पुस्तकात शुभवार्ता म्हणून येत नाही, आघात म्हणून येते. लिहीत असताना त्या पस्तीसएक वर्षं ख्रिस्ती होत्या. त्या आघातावर नंतरच्या समाधानाचा हात फिरवणं सहज शक्य होतं. 'तेव्हा मला कळलं नाही, पण देवाची योजना होती' एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्या तिथे बाईचं दुःखच ठेवतात: नातेवाइकांकडचं राहणं, पंढरपूरचे दिवस, सोबत लहान मुलगा, आणि जिवंत नवऱ्यापासूनची ताटातूट.

मग त्या नवऱ्याकडे राहायला जातात, पण ख्रिस्ती होऊन नाही. आपलं सोवळं घेऊन जातात. एकाच घरात स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका बाजूला ख्रिस्ती झालेला कवी, दुसऱ्या बाजूला वेगळी चूल. दोघांचा संसार आहे आणि दोघांच्या मध्ये पाण्याचं भांडंही आहे.

हे पाण्याचं भांडं फार महत्त्वाचं आहे. लक्ष्मीबाईंचा बदल सिद्धान्तापासून सुरू होत नाही. त्रैक्य, पाप, तारण यांच्या आधी त्यांच्यापुढे प्रश्न येतो जातीचा: हे शिवायचं आणि हे शिवायचं नाही, हे देवाने ठरवलं की माणसांनी? माणसांनी, असं उत्तर त्यांचं त्यांना सापडतं, आणि सोवळं सुटायला लागतं. बाप्तिस्मा त्याच्याही नंतर. म्हणजे मधे एक काळ असा आहे, जेव्हा बाई जुन्या अर्थाने हिंदू राहिलेली नाही आणि ख्रिस्तीही झालेली नाही. त्या स्थितीला नाव नाही. लक्ष्मीबाई तिला नाव देत नाहीत, नुसती नोंदवतात.

वडिलांच्या घरातलं ते धुतलेलं सामान आठवा, म्हणजे हा प्रवास किती लांबचा आहे ते कळेल.

म्हणूनच 'नवऱ्यामागून गेलेली पतिव्रता' हे वाचन मला चुकीचं वाटतं. नवऱ्यामागून जायचं असतं तर १८९५ मध्येच गेल्या असत्या. पाच वर्षं घेतली, कारण त्या स्वतःच्या पायांनी चालत होत्या. १९५० साली जोसेफीन इंकस्टर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचं नाव आहे 'आय फॉलो आफ्टर'. पहिल्यांदा वाचताना मला ते खटकलं: झालं, बायको पुन्हा मागून! पण जुन्या इंग्रजी बायबलात हेच शब्द पौलाच्या तोंडी आहेत, फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. आपल्याला अजून ते मिळालेलं नाही, आपण पूर्ण झालेलो नाही, पण ते गाठण्यासाठी मागे लागलो आहोत, असा तिथला आशय आहे. त्या अर्थाने नाव घेतलं तर ते पुस्तकाला चपखल बसतं. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई 'स्पिरिटेड वाइफ' झाल्या आहेत. तेही खरंच, पण शीर्षकात 'वाइफ' पुन्हा आलीच.

मला काय पटलं नाही

पुस्तक आवडलं म्हणून सगळं मान्य, असं नाही. तीन हरकती सांगते.

पहिली, स्मरणाची. १८९५ च्या घटना १९३० च्या दशकात लिहिल्या आहेत. इतक्या अंतरावरून आठवणारं माणूस प्रामाणिक असलं तरी आठवण स्वतःला नीटनेटकी करत असते. संवाद शब्दशः तसेच झाले असतील असं धरून चालू नका. तुमच्यापैकी कोणी हे पुस्तक इतिहासाचं साधन म्हणून वापरणार असेल तर तारखा आणि प्रवास त्या काळातल्या कागदांशी ताडून पाहा. टिळक पुढे ज्याचे संपादक होते त्या 'ज्ञानोदया'च्या फायली ही एक जागा. आणि शेवटचा भाग दुसऱ्या हाताने पूर्ण झाला आहे, हे उद्धृत करताना विसरू नका.

दुसरी, विनोदाची. लक्ष्मीबाईंचा विनोद हे या पुस्तकाचं सर्वांत मोठं बळ मानलं जातं. पण तो टिळकांना फार सांभाळून घेतो. टिळक उदार होते, कवी होते, आणि तापटही होते. नोकऱ्या टिकत नव्हत्या, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकायचे, न सांगता घराबाहेर पडायचे. पोटची लहान मुलं गेली, तेही याच संसारात. लक्ष्मीबाई असा एखादा प्रसंग सांगतात, शेवटी हसवतात, आणि आपण हसल्यावर टिळक सुटतात. त्या दिवशी घरात तांदूळ होते की नाही हा प्रश्न हसण्यात बुडतो. मला काही ठिकाणी हसू आलं आणि नंतर हसल्याचं वाईट वाटलं.

तिसरी हरकत पुस्तकावर कमी आणि त्याच्या वाचकांवर जास्त. भाविक वाचक यातून 'बघा, सोसलं म्हणून फळ मिळालं' असा धडा काढतात. हा धडा धोकादायक आहे, आणि पीएचडी करणाऱ्यांना तर फारच. विद्यार्थ्याचे फोन न उचलणारा गाइड, अडकलेली फेलोशिप, रात्रीबेरात्री करून घेतलेली फुकटची कामं, या सगळ्याला 'धीर धर' हे उत्तर नाही. अपुरेपण दोन प्रकारचं असतं. एक कामाच्या स्वभावातून येतं: खाडीला पुढच्या पावसाळ्यापर्यंत वेळ लागतो, तिला घाई करता येत नाही. दुसरं माणसांच्या बेफिकिरीतून येतं, आणि त्याबद्दल तक्रार करायची असते. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे दुसऱ्या प्रकाराला पहिल्या प्रकाराचं नाव देणं नव्हे.

आणि गंमत म्हणजे लक्ष्मीबाई स्वतः असा धडा देतच नाहीत. त्या भांडतात, रुसतात, नवऱ्याला सुनावतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतही देवाकडे केलेल्या तक्रारी भरपूर आहेत. तक्रार केली म्हणजे विश्वास संपला, हे नंतरच्या लोकांनी ठरवलं.

मग विश्वास म्हणजे काय?

इथे मी आजीच्या वाक्याकडे परत येते. 'सगळं चांगलं होईल' हे भाकीत आहे. भाकीत तपासता येतं आणि बरेचदा चुकतं. टिळकांचंच पाहा. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, संन्यस्त वृत्तीने राहू लागले, 'देवाचा दरबार' सुरू केला. हिंदुस्थानी माणसाला परका वाटणार नाही असा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांना उभा करायचा होता. दोन वर्षांच्या आत ते गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलं. भाकीत म्हणून पाहिलं तर इथे विश्वास हरला.

पण ते काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. चौसष्ट अध्याय लिहिले. जिला लग्नानंतर घरातच अक्षरओळख झाली, त्या बाईने. मी हे 'बघा, शेवटी झालंच' म्हणून सांगत नाहीये, नाहीतर मीही हार्किंगच करतेय. माझा मुद्दा वेगळा आहे. पहिला अध्याय लिहायला बसताना त्यांना काय माहीत होतं? हे पुरं होईल की नाही, कोणी वाचेल की नाही, यातलं काहीच नाही. आणि त्या स्वतः गेल्या तेव्हा त्यांचं स्वतःचं पुस्तकही अपुरंच होतं.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने जगलेल्या माणसांची लांबलचक यादी आहे. लहानपणी मी ती विजेत्यांची यादी समजत होते. नीट वाचलं तर तिथे स्पष्ट म्हटलं आहे की ज्याचं वचन होतं ते त्यांना मिळालं नाही. ते दुरून पाहूनच ते मेले. म्हणजे बायबल ज्यांना नमुना म्हणून पुढे करतं, त्यांचाच निकाल लागलेला नाही.

तेव्हा आजीच्या वाक्यात चुकू न शकणारं भाकीत शोधणं ही माझीच चूक होती. ती भाकीत करत नव्हती. तिने घरातली दोन मरणं आणि आजोबांची गिरणीतून सुटलेली नोकरी पाहिली आहे. सगळं चांगलं होतं असं ती मानत असेल हे शक्यच नाही. ती म्हणत होती की आत्ता दिसत नसलं तरी मी एकटी नाही, म्हणून उद्याचं काम उद्या करेन. हे विधान पुराव्याने सिद्ध होत नाही, खरं आहे. पण ते पुराव्याच्या जागी उभं राहायलाही जात नाही. माझ्या आलेखातली पोकळी भरायला मी प्रार्थना वापरली तर तो अपराध ठरेल. पुन्हा चिखलात उतरायला वापरली तर त्यात अवैज्ञानिक काय आहे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी अनेकांची श्रद्धा वेगळी असेल, काहींची नसेलही. तरी हे पुस्तक वाचा, आणि वाचताना एक सराव करा. कुठल्याही प्रसंगापाशी थांबून स्वतःला विचारा: या क्षणी या बाईला पुढचं काय माहीत आहे? मग हाच प्रश्न तुम्ही वाचत असलेल्या पेपरला विचारा. लेखकाने पहिल्या दिवशी काय धरलं होतं? कुठे फसला? ते कुठे गेलं? आणि स्वतःच्या नोंदवहीत फसलेल्या दिवसाचं पान तारखेसकट ठेवा. फाडू नका, पेन्सिलीने लिहू नका.

त्या मुलीला मी परवा फोन केला. म्हटलं, "मागे मी तुला चुकीचं सांगितलं. शेवटी सगळं होतंच असं नाही. माझंही होईल की नाही मला माहीत नाही." ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तुम्ही रोज जाता कशाला?"

मी तिला सांगितलं ते इथेही सांगते. काम मला आवडतं, म्हणून. प्रश्न अजून खरा आहे, म्हणून. आणि निघताना दारात आजी डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यं पुटपुटते, ज्यात थिसिस मिळू दे असं कधीच नसतं. मी एकदा लक्ष देऊन ऐकलं. आजचा दिवस नीट जाऊ दे, एवढंच असतं.

थिसिसमध्ये त्या पावसाळ्याच्या जागी मी 'नमुने उपलब्ध नाहीत' असं लिहिलं आहे, कारणासकट. व्हायवात त्यावर प्रश्न येणारच. गहाळ आकडे अहवालात कसे दाखवायचे, यावर पुढचा लेख लिहिते. तोवर 'स्मृतिचित्रे' मिळवा. शक्यतो संक्षिप्त नको, पूर्ण घ्या. या पुस्तकात मधलं वगळलं तर फारसं काही उरत नाही.